पत्नीचा जबाब

१

ऑफिसात त्याला सगळे नाडीवैद्य म्हणायचे. कार्डावर छापलेलं पद लांबलचक होतं, साइट रिलायबिलिटी इंजिनिअर. त्याची मुलगी शाळेत असताना त्याचा सरळ अर्थ लावायची, "म्हणजे आमचा बाबा भरवशाचा माणूस." काम होतंही तसंच. एका सरकारी खात्याच्या काही सिस्टिम सतत चालू ठेवायच्या, पडू द्यायच्या नाहीत, पडल्याच तर मिनिटांत उभ्या करायच्या. कसल्या सिस्टिम, ते त्याने अकरा वर्षांत घरी सांगितलं नाही, तेव्हा इथेही सांगता यायचं नाही. समोरच्या पडद्यावर हिरव्या ठिपक्यांच्या रांगा असत. एखादा ठिपका लाल व्हायच्या आधीच हा खुर्चीत ताठ होऊन बसलेला असे. म्हणून नाडीवैद्य.

सकाळी नऊला तो फाटकातून आत यायचा. मोबाईल आणि घड्याळ बाहेरच्या कप्प्यात ठेवायचा, कप्प्याची किल्ली गळ्यात अडकवायचा. पुढे दोन दारं होती. पहिलं पक्कं बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नसे, त्यामुळे रोज काही क्षण माणूस ना आत ना बाहेर असा उभा राहायचा. मग बिनखिडक्यांची खोली, एसीची घरघर, आणि संध्याकाळी सहापर्यंत जगाशी संबंध तुटलेला.

दर पाच वर्षांनी सुरक्षा मंजुरीची फेरतपासणी व्हायची. बेचाळीस पानी अर्ज. राहिलात कुठे, मित्र कोण, घरात कोण कोण. या खेपेला ‘पत्नी’च्या रकान्यात त्याने ‘मयत’ असं लिहिलं आणि मृत्यूच्या दाखल्याची प्रत जोडली. नऊ महिने झाले होते. भर दुपारी, घरात एकटी असताना, हृदय बंद पडून ती गेली होती.

२

पडताळणी अधिकारी पन्नाशीचा, मऊ बोलणारा गृहस्थ होता. अंगठ्याला पानं उलटायची रबरी टोपी. पहिल्या मजल्यावरच्या लहानशा खोलीत बुधवारी सकाळी त्याने नाडीवैद्याला बसवलं आणि तासभर नेहमीचे प्रश्न विचारले. शेवटी फाईल मिटता मिटता म्हणाला, "बाकी शेजारी, जुने साहेब, सगळ्यांचं चांगलंच मत आहे तुमच्याबद्दल. मिसेसही मोकळेपणाने बोलल्या."

"कोणाच्या मिसेस?"

"तुमच्या."

"मागच्या खेपेला बोलला असाल. पाच वर्षांपूर्वी."

"मागच्या खेपेला मी नव्हतो. मी काल गेलो होतो. मंगळवारी, अकरा वाजता."

नाडीवैद्याला राग आला नाही. चुका हेच त्याचं रोजचं अन्न होतं. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, तुमचं दार चुकलं. माझी बायको गेली. दाखला जोडलाय अर्जाला."

"हो, बघितला ना." अधिकाऱ्याने मान डोलावली. "पान नऊ. दार नाही चुकलं. तिसरा मजला, दारावर पितळी कडी आहे, ती सैल आहे. तुम्ही बसवतो बसवतो म्हणून अजून बसवलेली नाही, असं म्हणाल्या."

कडी सैल होती. पण ती कोणालाही दिसली असती. "काय सांगितलं तिने?"

"जबाब अर्जदाराला दाखवता येत नाही. फक्त तुमच्या सवयींबद्दलचं एखादं वाक्य वाचून दाखवू शकतो, खरं-खोटं करण्यापुरतं." त्याने पान काढलं, बोटाने ओळ शोधली. "‘हे घरी कामाचा चकार शब्द बोलत नाहीत. पण त्यांचा दिवस कसा गेला ते मला कळतं. काही बिघडलेलं असलं की जेवताना डावा हात मांडीवर पालथा ठेवतात आणि करंगळी हलवत राहतात. मी त्या दिवशी भांडी आवाज न करता घासते.’"

नाडीवैद्याने टेबलाखाली पाहिलं. डावा हात मांडीवर पालथा होता. करंगळी हलत होती.

अशी सवय आपल्याला आहे, हे त्याला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतं.

३

घरी परतताना त्याने स्वतःशी हिशेबशीर विचार केला. सिस्टिममध्ये असं होतं. मशीन कधीच बंद पडलेलं असतं, कोणीतरी उचलून नेलेलंही असतं, पण यादीतून नाव काढायचं राहून जातं. मग पडद्यावर त्याचा ठिपका दिवसेंदिवस हिरवा दिसत राहतो. नवी माणसं फसतात. तसंच हे. पाच वर्षांपूर्वीचा जबाब असेल, कोणीतरी नवी तारीख टाकली असेल, आणि हा अधिकारी आपण जाऊन आलो असं दडपून सांगत असेल. आळशी माणूस. दुसरं काय!

कडी मात्र मागच्या वर्षी सैल झाली होती. हे त्याला जिना चढताना आठवलं.

मुलगी कॉलेजातून आली होती, पुस्तकात डोकं घालून बसली होती. वीस वर्षांची. आई गेल्यापासून ती घरात हळू आवाजात बोलायची, जणू कोणी आजारी माणूस आत झोपलेलं आहे.

"काल सकाळी कोणी आलं होतं का गं?"

"कोण येणार? मी कॉलेजात, तू ऑफिसात." तिने वर पाहिलं. "आणि बाबा, तो मोडा मध्येच काढून ठेवू नकोस ना. काल संध्याकाळी अडखळले मी."

"कुठला मोडा?"

"आईचा."

स्वयंपाकघराच्या दारात एक ठेंगणा मोडा होता, वर स्पंजची गादी. पाहुणे आले की ती सोफ्यावर कधी बसायची नाही. हा मोडा ओढून दाराच्या चौकटीत बसायची, अर्धी घरात, अर्धी गॅसवरच्या दुधाकडे. ती गेल्यावर नाडीवैद्याने तो उचलून माळ्यावर टाकला होता, डोळ्यांसमोर नको म्हणून.

आता तो चौकटीत होता.

"तूच काढलास ना?" मुलीने विचारलं.

"हो," तो म्हणाला. का म्हणाला, त्याचं त्यालाच कळलं नाही. त्याने मोडा पुन्हा माळ्यावर ठेवला. शिडी लावून, दोन जुन्या बॅगांच्या मागे.

४

दुसऱ्या आठवड्यात, सोमवारी, तो रेकॉर्डमधल्या बाईंकडे गेला. बाई निवृत्तीला आलेल्या, सगळ्यांना पोराबाळांसारखं वागवणाऱ्या. म्हणाल्या, "नाडीवैद्य, फाईल तुला दाखवली तर माझी पेन्शन जाईल. काय हवंय ते विचार, मान हलवते."

"माझ्या बायकोचा जबाब आहे त्यात?"

बाईंनी पानं चाळली. मान हलली. "दोन बैठका झाल्यात. तिसरी या गुरुवारी, अकराला. घरी."

"बाई, ती गेली. तुम्ही आला होतात भेटायला."

"आले होते की रे." बाईंचा हात फाईलवर थांबला. त्यांनी पुन्हा पान पाहिलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "दाखलाही आहे. तिच्याच जबाबाला टाचलाय. खाली सही आहे." मग फाईल कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, "माझं काम पानं मोजायचं. पानं बरोबर आहेत. जा तू आता."

तो दोन दारांच्या मधल्या जागेत आला. पहिलं दार मागे बंद झालं, दुसरं उघडलं, तरी तो तिथेच उभा राहिला. कारण आता त्याला वेगळीच भीती वाटत होती. ती येते याची नाही. ती काय सांगेल याची.

नऊ महिन्यांपूर्वीच्या त्या दुपारी एक सिस्टिम पडली होती. नियम असा की अशा वेळी मंजुरी असलेली दोन माणसं एकत्र हवीत. एक हुकूम टाइप करणार, दुसरा बघणार. एक उठला की काम ठप्प. दोन वाजून दहा मिनिटांनी पहाऱ्यावरच्या माणसाने दाराखालच्या फटीतून चिठ्ठी आत सरकवली. कुटुंबासाठी फाटकावर एक फोन होता, अगदी अडचणीच्या वेळेसाठी. अकरा वर्षांत तिने तो एकदाही वापरला नव्हता. चिठ्ठीत लिहिलं होतं, ‘घरून फोन. छातीत दुखतंय. जमलं तर या.’

जमलं तर. तिचेच शब्द. पहारेकऱ्याने पदरचे घातले नव्हते.

नाडीवैद्य म्हणाला, "पाच मिनिटं." सिस्टिम उभी राहायला चाळीस लागली. मग चिठ्ठी त्याने रोजच्या रद्दीच्या पिशवीत टाकली, जी संध्याकाळी यंत्रात बारीक होते. घरी पोचला तेव्हा शेजारीण दारात होती. त्या संध्याकाळी, माणसं जमलेली असताना, मोरीत जाऊन त्याने तिच्या मोबाईलमधली एक नोंद पुसली. मुलीने रडत रडत विचारलं, "तिने कोणाला फोन का नाही केला रे बाबा?" तो म्हणाला, "वेळच मिळाला नसेल तिला."

पहारेकरी दुसरीकडे बदलून गेला. सोबत बसलेल्याने चिठ्ठी वाचलीच नव्हती. आता हे कोणालाच माहीत नव्हतं. त्याला आणि तिला सोडून.

५

गुरुवारी त्याने साडेदहाला अर्धी रजा टाकली. जिना चढताना मजल्यामजल्यावर थांबला. आपण काय करतोय? रिकाम्या घरात बसून खोटे कागद भरणारा माणूस रंगेहाथ पकडायला चाललोय, असं त्याने स्वतःला बजावलं. ते खरं निघावं, म्हणून तो मनातून हात जोडत होता. आणि ते खरं निघू नये, म्हणूनही.

दाराला कान लावायची गरज पडली नाही. अधिकाऱ्याचा मऊ आवाज स्वच्छ येत होता.

"किती वर्षं झाली लग्नाला?"

मग शांतता. उत्तर सांगायला जितका वेळ लागतो तितकी. पेनाची कागदावरची खरखर.

"भांडणं?"

शांतता. अधिकारी हसला. कोणीतरी काही गमतीचं सांगितल्यावर माणूस हसतो, तसा. "नाही, नाही, ते नाही लिहीत."

जिन्यात वरच्या मजल्यावरचं कोणीतरी खाली आलं, नमस्कार करून गेलं. नाडीवैद्यानेही नमस्कार केला. आपल्याच दाराबाहेर पाहुण्यासारखा तो उभा होता.

"आता शेवटचं विचारतो. त्या दिवशी दुपारी तुम्ही यांच्या ऑफिसच्या नंबरवर फोन केला होता का?"

शांतता. ही लांबली. पेन हललं नाही. आत भिंतीवरचं घड्याळ वाजत होतं. नाडीवैद्याच्या हातातली किल्ली कुलपात कधी गेली, त्यालाच समजलं नाही.

दार उघडलं. अधिकारी सोफ्यावर एकटा होता, तोंड स्वयंपाकघराकडे. चौकटीत मोडा होता. मोड्यावर कोणी नव्हतं. पण गादीचा स्पंज मध्यभागी दबलेला होता आणि, त्याच्या डोळ्यांदेखत, सावकाश वर येत होता. वर, चौकटीला, चार बोटं टेकलेली होती. उठताना आधाराला धरतात तशी. करंगळीवर भाजल्याचा जुना डाग.

बोटं आत ओढली गेली.

६

"जागेवरच थांबा," अधिकारी म्हणाला. आवाज मऊच होता. "बैठक संपेपर्यंत अर्जदाराने साक्षीदाराला भेटायचं नसतं. तुम्हाला नियम माहीत आहेत."

नाडीवैद्य थांबला. उंबऱ्यापासून स्वयंपाकघर दहा पावलं. आत नळ किंचित सुटला, बंद झाला.

"काय म्हणाली ती?"

"हे तुम्हाला सांगावं लागेल, कारण निकाल त्यावर आहे." अधिकाऱ्याने कागद उचलला. "‘मी फोन केला नव्हता. पित्त झालंय असं वाटलं, म्हणून पडून राहिले. यांना काहीच कळलं नाही. यांचा काही दोष नाही. माणूस भरवशाचा आहे.’ खाली सही केली आहे. यावर तुमची मंजुरी कायम होते."

नाडीवैद्य भिंतीला टेकला. तिने मुद्दाम खोटं सांगितलं होतं. त्याच्यासाठी. जी बाई दूधवाल्याला उरलेली नाणी परत द्यायला दोन जिने उतरायची, तिने मेल्यावर सरकारी कागदावर खोटी सही केली होती.

"आणि मी हे मान्य केलं तर?"

"फाईल चालू राहील. नव्या नियमाने तुमच्या दर्जाच्या माणसाची आता दरवर्षी घरी चौकशी होणार. मी येईन. त्या म्हणाल्या, ‘असेन मी इथेच.’"

असेन मी इथेच. नाडीवैद्याने डोळे मिटले. घरात असेल ती. दिसणार नाही, बोलणार नाही, पण चौकटीपाशी असेल. त्याला तेवढंच करायचं होतं, जे नऊ महिने तो करतच होता. गप्प बसायचं. आणि ती तिथे बसून, वर्षानुवर्षं, त्याच्यासाठी तेच खोटं पुन्हा पुन्हा सांगत राहील.

"ती खोटं बोलतेय," तो म्हणाला. "तिने फोन केला होता. मला चिठ्ठी मिळाली होती."

अधिकाऱ्याने पेनाचं टोपण काढलं. "मग तुमचा जबाब घ्यावा लागेल. तो टिकला तर त्यांचा रद्द होतो. पुन्हा बोलवता येत नाही त्यांना. आणि साक्षीला घरातलं एक सज्ञान माणूस लागेल."

घरात सज्ञान माणूस एकच होतं. त्याने मुलीला फोन केला. "लगेच घरी ये. मी बरा आहे. ये फक्त."

तिला यायला अर्धा तास लागला. तो अर्धा तास नाडीवैद्य आयुष्यभर विसरला नाही. आत कोणीतरी ओट्यावरून फडकं फिरवत होतं. तो ओला, घासता आवाज त्याच्या ओळखीचा होता. चिडली की ती ओटा पुसायची, आणि दुःख झालं की तोच ओटा पुन्हा पुसायची. दहा पावलं. उठून जायचं, बस. पण गेलो आणि आत कोणी नसलं तर? तो बसून राहिला. त्या दुपारीही तो असाच बसून राहिला होता, हे त्याला उमगलं, तरी पाय उठले नाहीत.

मुलगी धापा टाकत आली. अनोळखी माणसाला पाहून दारातच थबकली. नाडीवैद्याने तिला जवळ बसवलं आणि तिच्याकडे बघत सगळं सांगितलं. दोन वाजून दहा मिनिटं. चिठ्ठीतले शब्द. चाळीस मिनिटं. रद्दीची पिशवी. मोबाईलमधली पुसलेली नोंद. अधिकारी लिहीत होता.

मुलीने मध्येच एकदा विचारलं, "‘जमलं तर’ असं म्हणाली?"

"हो."

साक्षीच्या ओळीवर सही करून तिने पेन अधिकाऱ्याला परत दिलं, बापाकडे न बघता.

पुढचं सगळं व्हायचं तसं झालं. तीन आठवड्यांत मंजुरी गेली, तिच्याबरोबर नोकरी गेली. मुलगी दोन महिने त्याच्याशी बोलली नाही, मग एके दिवशी तिने त्याच्या ताटात भाकरी वाढली आणि हळूहळू शब्दही परत आले, सगळे नाही. रेकॉर्डमधल्या बाईंनी कळवलं की फाईलमध्ये पत्नीच्या जबाबाची पानं आता नाहीत, आणि पानांचे आकडे मात्र बरोबर लागतात. पण ते नंतरचं.

त्या गुरुवारी अधिकारी कागद घेऊन उठला. "यावर त्यांना काही म्हणायचंय का, ते विचारावं लागतं," असं म्हणून स्वयंपाकघरात गेला. मुलगी त्याच्या पाठीकडे बघत राहिली. "कोणाला विचारतोय तो?" ती कुजबुजली. नाडीवैद्याने तिचा हात घट्ट धरला.

मिनिटभराने अधिकारी बाहेर आला. फाईल बांधली, बूट चढवले.

"काय म्हणाली?" नाडीवैद्याने विचारलं.

"तक्रार काही नाही. फक्त ‘जाते’ म्हणाल्या."

"‘येते’ म्हणाली असेल." नाडीवैद्य पुढे झुकला. "कुठेही निघाली तरी ती ‘येते’च म्हणायची. नीट ऐकलंत का तुम्ही? ‘येते’ म्हणाली असेल."

अधिकाऱ्याने फाईल पुन्हा सोडली आणि कागद पाहिला. पहिल्यांदाच त्याला वाईट वाटल्यासारखं दिसलं.

"नाही," तो म्हणाला. "मी शब्दशः लिहून घेतो. ‘जाते.’"

तेव्हा कुठे नाडीवैद्य उठला. दहा पावलं चालला. स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. ओटा नुकताच पुसलेला होता. फडक्याचा ओला पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेला, अजून चमकत होता. मुलगी मागे येऊन उभी राहिली. "आई?" ती म्हणाली, अगदी हळू.

पट्टा कडांकडून वाळायला लागला होता. दोघं हलली नाहीत. तो आकसत गेला, मध्ये तळहाताएवढा उरला, मग बोटाएवढा. नाडीवैद्याने त्यावर हात ठेवायला हात पुढे केला, आणि ठेवला नाही. हात लावला असता तर तो आणखी लवकर वाळला असता.